कच्ची वही

जून महिन्यात शाळा सुरू झाली की आपल्या शाळेत पहिल्या आठवड्यात एक काम ठरलेलं असे. गेल्या वर्षीच्या वह्या घेऊन यायच्या, त्यांतली कोरी पानं अलगद सुटी करायची आणि ती एकत्र शिवून कच्ची वही तयार करायची. दाभणानं पाच भोकं, जाड दोरा, वरून खाकी कागदाचं कव्हर. बाहेर भायखळ्याचा पाऊस कोसळत असायचा, वर्गात ओल्या दप्तरांचा वास भरलेला असायचा आणि आम्ही मुली जमिनीवर बसून पानं जुळवायचो. लिहिलेली पानं रद्दीत जायची.

आठवीतली गोष्ट. मला पेन दाबून लिहायची सवय होती, त्यामुळे माझ्या कोऱ्या पानांवर आधीच्या पानाचे वळ उमटलेले असायचे. सातवीतलं चुकलेलं गणित आठवीच्या पानावर बोटाला लागायचं. मी वर्गबाईंना म्हटलं, "बाई, हे पान कोरं नाहीये." बाईंनी ते खिडकीच्या उजेडात तिरकं धरून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं. "शाई आहे का यावर? नाही ना? मग लिही."

शाळेच्या अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं मंडळानं कळवलं, तेव्हा आधी हेच पान आठवलं. आणि त्याच्या पाठोपाठ जे आठवलं, ते लिहिल्याशिवाय हे मनोगत खरं होणार नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सातवीत होते. पप्पा साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. आधी सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मग गणपती गेले, नाताळ गेला. आमच्या चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून गावी जाऊ लागली, कुणी साताऱ्याकडे, कुणी कोकणात. आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यात, पण तिथे जमीन नव्हती, म्हणून आम्ही राहिलो. आई घरात कागदी पिशव्या चिकटवायची. मी आणि धाकटा भाऊ खळ लावायचो.

नववीत घारापुरीची सहल ठरली. माणशी पंधरा रुपये. पैसे गोळा करायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं होतं. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात पैसे आणि नावांचा कागद. त्या आठवड्यात घरी तांदळाचा दाणा नव्हता. मी तीन मुलींचे मिळून पंचेचाळीस रुपये काढले, तांदूळ आणि रॉकेल आणलं, आणि शाळेत विकलेल्या पिशव्यांचे पैसे मिळाले असं आईला सांगितलं. शाळेत सांगितलं की डब्यातले पैसे गेले.

संशय आला तो माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीवर. डबा तिच्या दप्तराशेजारी असायचा, एवढंच कारण. तिला कुणी शिक्षा केली नाही, पण मुली तिच्याशी बोलेनाशा झाल्या. मीही गप्प राहिले. जानेवारीत तिच्या वडिलांनी मुंबई सोडली आणि सगळं घर गावी गेलं.

फेब्रुवारीत एका सकाळी बाई हजेरी घेत होत्या. तिच्या नावाशी थांबल्या, पट्टी घेतली आणि हजेरीपटावर तिच्या नावावरून लाल शाईची रेघ ओढली. मी पहिल्याच बाकावर होते. ती रेघ मला दिसली. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमच्या दाराशी गेले आणि सगळं सांगितलं.

बाई ओरडल्या नाहीत. "पैशाचं काय केलंस?" एवढंच विचारलं. सांगितल्यावर बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या वर्गात सांगायचंस. मी शेजारी उभी राहीन." दुसऱ्या दिवशी मी सांगितलं आणि त्या खरोखर शेजारी उभ्या राहिल्या, हात माझ्या खांद्यावर ठेवून. त्यानंतर पिशव्यांच्या कमाईतून दर सोमवारी एक रुपया त्यांच्या हातात द्यायचा, असं ठरलं. दहावीच्या परीक्षेपर्यंत ते फिटले.

पण खरी गोष्ट जून 1984 ची आहे. दहावीचा वर्ग, वर्गबाई त्याच. शाळेच्या कार्यक्रमासाठी वर्गणी गोळा करायची होती. बाईंनी कपाटातून तोच डबा काढला, झाकणाला पोचा आलेला, आणि माझ्यासमोर ठेवला. वर्ग चिडीचूप. मी मान हलवून नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "मोजून घे. आत किती आहेत ते कागदावर लिही." आणि फळ्याकडे वळून शिकवायला लागल्या.

त्या वेळी मला ते कळलं नाही. पुढे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडेस्कूल घ्यायला लागले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचताना अंगावर काटा आला. अठराव्या अध्यायात प्रभू येशूचा शिष्य पेत्र वाड्याच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा असतो आणि तिथे प्रभूला तीनदा नाकारतो. एकविसाव्या अध्यायात पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, तिबिर्याच्या किनाऱ्यावर, त्यावर मासळी. तो विस्तव प्रभूनं स्वतः पेटवून ठेवलेला आहे. तिथे तो पेत्राला तीनदा विचारतो आणि तीनदा काम सोपवतो. त्या रात्रीचा जाब एका शब्दानंही विचारत नाही. पेत्राच्या नाकात तोच धूर गेला असेल. माझ्यापुढे तोच डबा आला होता.

आपल्या लोकांत "झालं गेलं विसरून जा" असं फार सहज म्हटलं जातं. मला ते कधी जमलं नाही, आणि पवित्र शास्त्र तसं सांगतं असंही मला वाटत नाही. प्रेषित पौल फिलिप्पै इथल्या मंडळीला पत्रात लिहितो की मागचं मागे टाकून मी पुढे धावतो. पण त्याच अध्यायात, थोडं आधी, तो आपलं सगळं मागचं मोजून सांगतो. मंडळीचा छळ केला हेही सांगतो, आणि आपलं कूळ, आपलं शिक्षण, आपली धार्मिकता हेही. त्याला सगळं लख्ख आठवतं. फक्त त्यावर तो उभा राहत नाही, वाईटावरही नाही आणि चांगल्यावरही नाही. चांगलं सोडणं जास्त अवघड असतं, हे मी पप्पांकडे बघून शिकले.

पप्पांचा मिलवर घालायचा निळा सदरा खुंटीवर असायचा. संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही, त्यामुळे पप्पांच्या मनात तो संपलाही नाही. रात्री एका इमारतीखाली वॉचमन म्हणून बसायचे, पण कुणी विचारलं तर सांगायचे, "मिलमध्ये आहे." दर रविवारी आई सदरा धुवायची, पप्पा त्याला इस्त्री करायचे. भोंगा झाला तर तयारी असावी म्हणून. अशी जवळपास सात वर्षं.

1988 च्या 31 डिसेंबरला आम्ही वॉचनाइटच्या, म्हणजे नवं वर्ष लागेपर्यंतच्या, उपासनेला निघालो होतो. मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत त्या रात्री सरत्या वर्षाचा म्हातारा जाळतात, वांद्र्यात जाळतात तसा आमच्या गल्लीतही जाळायचे. पोरं घरोघर जुने कपडे मागत फिरायची. आमच्या दाराशी आली, आईनं एक फाटकी चादर दिली. आम्ही उपासनेला गेलो. पाळकसाहेबांनी त्या रात्री यशयाचा 43 वा अध्याय घेतला होता. बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना संदेष्टा आधी मिसरच्या गुलामीतून सुटताना समुद्रातून निघालेल्या वाटेची आठवण देतो, रथ आणि घोडे बुडाल्याची, म्हणजे त्यांच्या इतिहासातल्या सगळ्यांत मोठ्या गोष्टीची. आणि लगेच सांगतो की मागच्या गोष्टी मनात घोळवत बसू नका, देव आता रानात वाट काढणार आहे. पाळकसाहेब म्हणाले, समुद्राकडेच बघत राहिलात तर रानातली वाट दिसायची नाही.

पप्पा मध्येच उठून बाहेर गेले. आम्हाला वाटलं बिडीची तल्लफ आली असेल. उपासना संपवून, एकमेकांना सलाम करून गल्लीत आलो, तर म्हातारा पेटायच्या बेतात होता, पेंढा भरलेला, डोक्यावर मडकं. अंगात निळा सदरा. इस्त्रीच्या घड्या तशाच. पप्पा पोरांमध्ये उभे होते. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बाही जरा आखूड पडली त्याला." सदरा जळून खाली पडेपर्यंत तिघंही तिथेच थांबलो.

फेब्रुवारीपासून ते पहाटे भायखळ्याच्या भाजी मार्केटातून माल आणून हातगाडी लावायला लागले. मिलच्या गोष्टी मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले, धागा कसा तुटायचा, सूत कसं जोडायचं. ऐकायला गोड वाटायच्या त्या.

मैत्रिणीचं ओझं माझ्याकडे राहिलंच होतं. तिचा गावचा पत्ता माझ्याकडे नव्हता आणि बाईंकडे मागायचा धीर झाला नाही. मग बाई निवृत्त झाल्या आणि पुढे प्रभूघरी गेल्या. 2006 साली, एका संध्याकाळी, दादरच्या पुलावर गर्दीत कुणीतरी माझ्या शाळेतल्या टोपणनावानं हाक मारली. तीच होती. नणंदेकडे आली होती, हातात मंडईची पिशवी. आम्ही कठड्याला टेकून उभ्या राहिलो. मी इकडचं तिकडचं काही न बोलता एकदम पंचेचाळीस रुपयांवर आले. सांगताना माझा आवाज फुटेना.

तिनं माझा हात धरला. "अगं, मला माहीत आहे ते. बाईंचं पत्र आलं होतं ना गावी, त्याच वर्षी, होळीच्या आधी. आमच्या आण्णांनी चावडीसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. तुला नाही बोलल्या त्या?"

मी नाही म्हटलं.

"तुझ्यासाठीही लिहिलं होतं त्यात," ती म्हणाली. "पोरीला भूक होती, तिच्यावर राग धरू नका, असं." मग खालून लोकलची घोषणा झाली, तिनं पिशवी उचलली आणि पुढच्या रविवारी घरी ये म्हणून चिंचपोकळीचा पत्ता माझ्या तळहातावर लिहिला, पेन चांगलं दाबून.

— माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च 1985