मक्याचा फेरा आणि जाळीचा घेर

मध्य टेक्सासच्या हिल कंट्रीत हरणांच्या शिकारीचा सर्वसाधारण हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. त्याआधीचे दोन महिने रानं सांभाळणाऱ्या आम्हा लोकांना उसंत नसते. फीडर (ठरल्या वेळी हरणांसाठी मका फेकणारी यंत्रं) धुणं, बॅटऱ्या तपासणं, मचाणांची डागडुजी, सगळं तेव्हाच निघतं. अशाच एका सप्टेंबरात लॅनो काउंटीतल्या एका रानावर जे काम केलं ते सविस्तर लिहितो आहे. फीडरभोवतीच्या कुंपणात जे जे बिघडू शकतं ते बहुतेक सगळं तिथे एकाच जागी पाहायला मिळालं.

आधी थोडी पार्श्वभूमी. टेक्सासमधली ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी मालकीची आहे. मालक शिकारीचा हक्क हंगामापुरता किंवा वर्षाच्या कराराने देतात, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांना एका ठिकाणी येण्याची सवय लागावी म्हणून खाजगी जमिनीवर मका टाकणं तिथे कायदेशीर आहे. अडचण डुकरांची. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटून रानटी झाली, १९३० च्या दशकात शिकारीसाठी युरेशियातली रानडुकरं सोडली गेली, आणि दोन्हींचा संकर राज्यभर पसरला. जात आपल्या सह्याद्रीतल्या रानडुकराचीच, पण आपल्याकडे तो मूळचा प्राणी आहे आणि वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहे. टेक्सासमध्ये तो बाहेरून आलेला उपद्रव मानला जातो. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही.

तक्रार अशी होती: फीडरभोवती जाळीचं कुंपण आहे, तरी रात्रभर डुकरं तिथेच असतात आणि हरणं फिरकत नाहीत. ट्रेल कॅमेऱ्याचे, म्हणजे रानात आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे, फोटो पाहिले. बहुतेक फोटोंत डुकरं जाळीच्या बाहेर होती, आतमध्ये क्वचित, आणि तीही बहुधा पिल्लं. हरणं मागे लाइव्ह ओकच्या झाडांपाशी उभी. डुकरांना आत यायचं असेल तर ती जाळी ढकलताना, खालून उकरताना दिसायला हवीत. ही निवांत चरत होती. म्हणजे त्यांना हवं ते बाहेरच मिळत होतं.

जागेवर पोचल्यावर तेच दिसलं. कुंपणाबाहेर सात-आठ फूट रुंदीचा पट्टा नांगर फिरवल्यासारखा उकरलेला. आतली जमीन त्या मानाने घट्ट.

फीडर साधा होता. तीन पायांवर ५५ गॅलनचा पत्र्याचा ड्रम, त्यात साधारण दीडशे किलो मका मावतो. ड्रमच्या तळाला नरसाळं, त्याखाली मोटरवर फिरणारी चकती, शेजारी टायमर आणि बॅटरी. ठरलेल्या वेळी चकती काही सेकंद फिरते आणि दाणे चहूकडे उडतात. कुंपण जाड तारेच्या तयार जाळीच्या १६ फुटी ८ तुकड्यांचं, म्हणजे पॅनलांचं. सांध्यावर पॅनल अर्धा फूट एकमेकांवर येतात, तेव्हा घेर १२४ फूट आणि केंद्रापासून जाळी २० फुटांना जरा कमी. चौकशी केल्यावर कळलं की कुंपण घातलं तेव्हा फीडरवर ६ व्होल्टचा संच होता. तो जळाल्यावर १२ व्होल्टची, जास्त जोराने फिरणारी मोटर आणि टायमर बसवला गेला. मोटर बदलली, कुंपण तेच राहिलं.

म्हणून सकाळचं पहिलं काम फेक, म्हणजे दाणे किती लांब पडतात ते, मोजण्याचं. त्याची आमची रीत अशी. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. उतरलेल्या बॅटरीवर चकती मंद फिरते, फेक आखूड दिसते आणि सगळं माप फसतं. वारा पडलेला असावा. फीडरच्या पायथ्यापासून बाहेर ताडपत्रीची लांब पट्टी अंथरायची, तिच्यावर दर पाच फुटांना खूण करायची. चार दिशांना अशा चार पट्ट्या. मग डोळ्यांवर चष्मा लावून टायमरचं चाचणीचं बटण दाबायचं आणि चकतीपासून दूर व्हायचं. बटण दाबल्यावर थोडी उसंत मिळते, तेवढी पुरते. दाणे गोळीसारखे लागतात, म्हणून चष्म्याशिवाय हे करू नये.

फेक २८ फुटांवर गेली होती. क्षेत्रफळाचं गणित इथे कामाला येतं. २० फूट त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्र साधारण १,२५७ चौरस फूट, २८ फुटांचं २,४६३. म्हणजे मका पडणाऱ्या जमिनीचा जवळजवळ निम्मा भाग जाळीच्या बाहेर. शिवाय चकतीवरून दाणे मधल्यापेक्षा काठाकडे दाट पडतात. ताडपत्रीवरचा मका खुणांप्रमाणे वेगळा गोळा केला तेव्हा बाहेरचा ढीग आतल्यापेक्षा मोठा भरला. हे कुंपण डुकरांना अन्नापासून अडवत नव्हतं. हरणांना मात्र अडवत होतं, कारण आत उतरायचं तर डुकरांच्या कळपावरून उडी मारावी लागली असती. डुकरं असली की हरणं फीडर सोडतात, हे कॅमेऱ्यांवर कुठेही दिसतं.

उपाय दोन. एक, फेक आखडायची: परत ६ व्होल्टचा संच, नाहीतर ड्रमचे पाय आखूड करायचे, नाहीतर चकतीभोवती पत्र्याची कड. दुसरा, घेर वाढवायचा. मी दुसऱ्याच्या बाजूने असतो. लहान घेरात हरीण बिचकतं. आत उडी घ्यायला आणि घाबरलं तर पळत येऊन बाहेर उडी घ्यायला त्याला मोकळी जागा लागते. जुन्या ८ पॅनलांत आणखी ५ मिळवले की सांधे वजा जाता घेर २०१ फुटांच्या आसपास जातो, त्रिज्या ३२. फेकीच्या पुढे चार फूट शिल्लक. वाऱ्याच्या दिवशी तेवढी लागतेच.

जुनी पॅनल उतरवताना दुसरी गोष्ट लक्षात आली. डुकरांसाठीच्या पॅनलला खालची भोकं अरुंद आणि वरची रुंद असतात. इथे दोन पॅनल उलटी बसवली होती, रुंद भोकं जमिनीलगत. लहान पिल्लं त्यातून सहज आत जात होती. बसवताना घाईत हे कळत नाही, कारण पॅनल दोन्ही बाजूंनी उभं राहतं आणि लांबून सारखंच दिसतं.

तिसरी गोष्ट खांबांची. टी-पोस्ट, म्हणजे टी आकाराचे लोखंडी खांब, जाळीच्या बाहेरच्या अंगाला होते. सापळ्याला हे बरोबर, कारण तिथे डुक्कर आतून ढकलतं आणि जाळी खांबावर रेलते. फीडरच्या कुंपणाला धक्का बाहेरून बसतो. खांब बाहेर असले की सगळा जोर बारक्या क्लिपांवर येतो आणि त्या उघडतात. तीन सांध्यांवर तेच झालं होतं. आम्ही खांब आतून घेतले आणि जाळी त्यांच्या बाहेरून, म्हणजे डुक्कर जेवढं रेटेल तेवढी जाळी खांबाला घट्ट बसेल. क्लिपांऐवजी प्रत्येक खांबावर तीन जागी जाड तार, पक्कडीने पिळून. तारेची टोकं वळवून आत दाबायची, नाहीतर हरणाच्या पोटाला लागतात.

पॅनलची उंची ३४ इंच. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या उंचीची कुंपणं फीडरभोवती तपासली आहेत. २८ आणि ३४ इंचांनी डुकरं रोखली गेली, २० इंच कमी पडले. मोठ्या हरणाला ३४ इंच काहीच नाही. त्या वर्षीची पाडसं सप्टेंबरात तीन-चार महिन्यांची असतात, त्यांना जड जाऊ शकतं, म्हणून याहून उंच जाळी घेऊ नये. गुरांसाठीची ५० इंची पॅनल ‘जास्त पक्कं’ म्हणून लावतात, ते हरणांसाठी वाईट.

खांब ठोकण्यात दुपार गेली. दर आठ फुटांना एक असे २६ खांब, पाच फुटी. साधारण २६ इंच जमिनीत गेले की खांबाचं टोक जाळीच्या वरच्या तारेशी येतं, आणि ते तसंच यायला हवं. खांब जाळीवर चार-सहा इंच उभा राहिला तर उडी चुकलेलं हरीण त्यावर पोट फाडून घेतं. हे मी पाहिलं आहे आणि या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. लॅनोची जमीन ग्रॅनाइटची. वर फूटभर मुरूम, खाली कातळ. काही खांब फुटावरच अडले. तिथे पहारीने भोक पाडलं, तेही जमलं नाही तिथे खांबाचं वरचं टोक कापून, कानस मारून, बुडाशी मोठे दगड रचून तारेने बांधले.

जमीन सपाट नव्हती. ओढ्याकडच्या बाजूला पावसाच्या पाण्याने घळ पडली होती आणि तिथे जाळीखाली आठ इंचांची फट होती. डुक्कर आधी अशीच जागा शोधतं, मुसकट घालतं आणि उचकटतं. त्या भागात दगड भरले आणि जाळीच्या बुडाला जोडून बाहेरच्या अंगाला दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरून सळईच्या आकड्यांनी खिळवली. डुक्कर जाळीच्या अगदी मुळाशी उकरायला येतं आणि स्वतःच आडव्या जाळीवर उभं असतं, त्यामुळे त्याला उकरता येत नाही. संपूर्ण घेराला हे लागत नाही, खोलगट जागांना लागतं. फाटक ठेवलं नाही. माणूस ओलांडून जातो. मक्याची गाडी आणायची तर एका सांध्याला साखळी लावली आहे. फाटकाखाली फट राहतेच, आणि ते कुणीतरी उघडं टाकतंच.

आतलं अगरीटाचं काटेरी झुडूप आणि एक आडवी पडलेली फांदी काढली. हरणाला उतरण्याची जागा दिसायला हवी.

मग फीडर. नरसाळं आणि चकती यांच्यातली फट जास्त होती, त्यामुळे चकती थांबलेली असतानाही दाणे गळत होते. आम्ही अख्ख्या मक्यासाठी अर्धा ते पाऊण इंच ठेवतो. रॅकून पायावरून चढून हाताने चकती फिरवतात, म्हणून तिला तारेचा पिंजरा बसवला. टायमरच्या डब्यात तांबड्या मुंग्यांनी घर केलं होतं. संपर्कबिंदूंमध्ये मुंग्या चिरडल्या की टायमर बंद पडतो किंवा थांबतच नाही. डबा साफ करून वायरींची भोकं सीलंटने बुजवली. ड्रमच्या तळाशी ओला, काळपट मक्याचा थर होता. तो सगळा काढून जमिनीत पुरला. ओल्या मक्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि मका नंतर वाळला तरी ते जात नाही.

वेळाही बदलल्या. संध्याकाळची फेक सूर्यास्तानंतर ठेवलेली होती. उन्हाळ्यात डुकरं अंधारातच बाहेर पडतात, तेव्हा ती थाळी त्यांच्यासाठीच वाढलेली. आता सूर्यास्ताआधी दीड तास, आणि अंधार पडेपर्यंत संपेल इतकाच मका. किती सेकंदांना किती मका पडतो हे चकतीभोवती पोतं बांधून, पाच सेकंद चालवून वजन केलं की कळतं. नुसत्या सेकंदांवर विसंबू नये, प्रत्येक चकती वेगळी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे बहुतेक वर्षी हंगामाच्या दुसऱ्याच दिवशी. टायमर तसाच ठेवायचा. हरणं सूर्यावर चालतात. गोंधळ मचाणावर बसणाऱ्यांचा होतो, तेव्हा नव्या वेळा कागदावर लिहून ड्रमला चिकटवल्या.

निघण्याआधी बाहेर पडलेला जुना मका दाताळ्याने ओढून आत घेतला. हे न केल्यास डुकरं आठवडाभर तरी त्याच पट्ट्यात उकरत राहतात.

लीजवाल्यांना, म्हणजे शिकारीचा हक्क कराराने घेतलेल्यांना, दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. पहिली, ओक फळांनी लगडले आहेत आणि हरणं ती खातात, तेव्हा ऑक्टोबरात हरणं मक्याकडे कमी आली तर कुंपणाला दोष देऊ नका. दुसरी, या कुंपणाने डुक्कर एकही कमी होणार नाही. मादी वर्षाच्या आतच माजावर येते, गर्भ सुमारे ११५ दिवसांचा, एका वेळी सरासरी चार ते सहा पिल्लं. दरवर्षी दोन तृतीयांशाच्या आसपास काढली तरच संख्या जागेवर राहते. त्यासाठी सापळा हवा आणि तो फीडरपासून लांब, ओढ्याकाठच्या लोळणीजवळ. पाच फूट उंच जाळीचा, गोल, कारण कोपऱ्यात डुकरं एकमेकांवर चढून बाहेर पडतात. आमिषाला आंबवलेला मका: बादली दोन तृतीयांश मक्याने भरायची, वर चार बोटं पाणी, झाकण सैल, चार-पाच दिवस उन्हात. तो वास हरणांना फारसा आवडत नाही. दार उघडं बांधून ठेवायचं आणि कॅमेऱ्यात अख्खा कळप आत खाताना दिसेपर्यंत पाडायचं नाही. अर्धा कळप पकडला तर उरलेला पुन्हा सहसा सापळ्यात पाऊल टाकत नाही.

डुक्कर सोलताना हातमोजे घालायचे, डुकरांत ब्रुसेला हा माणसालाही लागणारा रोगजंतू असू शकतो. पकडलेलं डुक्कर जिवंत दुसऱ्या रानात नेऊन सोडणं बेकायदा आहे. आणि बंदूक उचलण्याआधी नीट पाहायचं: लहान, गळ्याभोवती फिकट पट्टा असलेला प्राणी दिसला तर तो हॅवेलिना. तो डुक्कर नाही, टेक्सासमध्ये त्याच्या शिकारीला परवाना आणि किती मारायचे याची मर्यादा दोन्ही आहेत.