मधली जागा

आमच्या घरात मी तिसरा. तिसऱ्या पोराच्या वाट्याला ताईची अर्धी कोरी वही येते, दादाचा स्वेटर येतो आणि गाडीत मधली जागा येते. बाबांनी १९८६ साली जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली, फिकट निळी. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली तेव्हा तिचं नाव पद्मिनी होतं खरं, पण साताऱ्यात तिला शेवटपर्यंत सगळे फियाटच म्हणाले. खिडक्या ताई-दादाच्या. मी मधे, दोन पाय दोन बाजूंना टाकून, घोड्यावर बसल्यासारखा.

तो घोडा म्हणजे गाडीच्या जमिनीतला उंचवटा. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे, त्यामुळे मधून एक लांब फिरता दांडा न्यावा लागायचा. त्याला वाट द्यायची म्हणून जमीन मधोमध वर उचललेली. माझी तक्रार उंचवट्याबद्दल नव्हती. तक्रार होती ती रेक्झिनच्या सीटबद्दल. मे महिन्यात हाफ पँट घालून त्यावर बसलं की पहिली पाच मिनिटं आईचं नाव, आणि उतरताना मांडी सीटपासून सुटायची ती चर्र असा आवाज करत. आई बसण्याआधी टॉवेल टाकायची, पण टॉवेल दोनच. ते कुणाच्या बुडाखाली जायचे हे सांगायला नको.

मधल्या जागेचा एक फायदा मात्र होता. दोन पुढच्यांच्या खांद्यांमधून सरळ रस्ता दिसायचा. ताईला खंबाटकीच्या घाटात दर वेळी उलटी व्हायची, मला कधीच झाली नाही. आणि बाबांचा डावा हात स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांडीवर कसा वर-खाली होतो, ते मला पाठ होतं. आरशात फक्त माझं डोकं दिसायला लागलं की बाबा मागे न बघता म्हणायचे, "बाळ्या, खाली हो. मागचा ट्रक दिसत नाहीये."

औंधच्या यमाईला आम्ही एकदा त्या गाडीतून नऊ जण गेलो होतो. पुढचं सीट म्हणजे सलग बाक, आणि गिअर स्टिअरिंगवर, त्यामुळे बाबा आणि काकांच्या मधे चुलतभाऊ आरामात. मागे आई, काकू आणि आम्ही तीन कार्टी. झाले आठ. काकूच्या मांडीवर सहा महिन्यांची चिमी, नऊ. हे सांगितलं की आजची मुलं मला थापाड्या म्हणतात, म्हणून एकदा मी आकडे काढून बसलो.

आकडे गमतीशीर निघाले. पद्मिनी लांबीला चार मीटरच्या आतच. आजची डिझायर ३९९५ मिलिमीटर, म्हणजे तीही चार मीटरच्या आत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर पद्मिनीचं २३४० मिलिमीटर, डिझायरचं २४५०. रुंदीत तर पद्मिनी दीड मीटरसुद्धा नव्हती. डिझायर तिच्याहून चांगली वीतभर रुंद आहे. सगळ्या बाबतीत नवी गाडी मोठी. तरी तिच्यात मागे तीन मोठी माणसं बसली की मधलं माणूस "मी पुढच्या स्टॉपला उतरतो" अशा चेहऱ्याने बसतं.

ही वीत जाते कुठे? दारात जाते. पद्मिनीचं दार म्हणजे पत्रा, काच आणि काच फिरवायची मूठ. आताच्या दारात धडक सोसणारी आडवी पट्टी असते, काचेची मोटर असते, स्पीकर, बाटलीचा कप्पा, कोपर टेकवायची उशी. आणि आत बसलेल्या प्रत्येकाला पट्टा. आमच्या फियाटला मागे पट्टेच नव्हते, म्हणून नऊ मावले. आठवण गोड आहे, पण आजच्या हायवेवर तसं कुणाला घेऊन जायची माझी छाती नाही.

बरं, चार मीटर हा आकडा तरी कुठून आला? २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं अबकारी शुल्क कमी केलं आणि छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली आणि छोट्या इंजिनाची, असं ठरलं. झालं, सेडानच्या, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या गाड्यांच्या, शेपट्या छाटायला सुरुवात. पहिली डिझायर २००८ ची, डिकी ४४० लिटरची. २०१२ ला ती चार मीटरच्या आत आणली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. कर वाचला, पण आंब्याची एक पेटी मांडीवर आली.

मागच्या वर्षी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी आईला बरोबर नेलं. आई अठ्ठ्याहत्तरची, गुडघे तिच्याहून म्हातारे. शोरूममधला पोरगा उत्साही होता. "सर, नी-रूम बघा," म्हणत त्याने पुढचं सीट सर्रकन पुढे सरकवलं. मागे फुटबॉलचं मैदान तयार. मी म्हटलं, आता पुढे बसून दाखव. बसला बिचारा, नाक स्टिअरिंगला. मागच्या जागेचा कुठलाही आकडा ऐकला की पुढे कोण बसलंय हे आधी विचारावं, हे मी तिथे शिकलो. आमच्याकडे पुढे काका बसतात. सहा फूट, आणि सीट पूर्ण मागे.

आईची तपासणी वेगळी. ती गाडीकडे पाठ करून उभी राहायची, बूड टेकवायची, मग साडी सावरून दोन्ही पाय एकदम आत घ्यायची. पहिल्या गाडीत डोकं छताला लागलं. हल्ली सेडानचं छत मागे घसरगुंडीसारखं उतरवतात, दिसायला झोकदार. मग डोकं बसवायला सीट खाली घेतात. दुसऱ्या गाडीत ती नीट बसली, पण गुडघे छातीकडे. खाली वाकून पाहिलं तर मांड्या अधांतरी, सगळा भार बुडावर.

"काकू, लेगरूम सेगमेंटमध्ये बेस्ट आहे," पोरगा म्हणाला.

"असेल रे," आई म्हणाली, "पण ही खुर्ची नाही, पाट आहे. पाटावर बसून कोल्हापूरपर्यंत कोण जाईल?"

गाड्यांवर लिहिणारे ज्याला अंडर-थाय सपोर्ट म्हणतात, ते हेच. पाय लांब करायला मैदान दिलं, पण मांडीखाली आधार नसेल तर तासाभरात कंबर बोलायला लागते. जुनी अँबॅसडर इतकी वर्षं साहेबलोकांना का आवडली, ते मला आईच्या या वाक्यानंतर कळलं. तिचं मागचं सीट खुर्चीइतकं उंच होतं, धोतर-टोपीवाला माणूस ताठ बसायचा आणि ताठच उतरायचा.

मी दर शोरूममध्ये मधे बसून पाहिलं. सवयच ती. सियाझची चाकं २६५० मिलिमीटर अंतरावर होती, व्हर्नाची २६७०. पायांना काही कमी नाही. पण आता सीट दोघांसाठी कोरलेलं असतं, दोन बाजूंना दोन खळगे. खळग्यांच्या मधे जे उरतं ते टेकाड, आणि त्याच्या पाठीत घडी घातलेला, कोपर टेकवायचा आर्मरेस्ट, पाठीला फळीसारखा लागणारा. समोर एसीची जाळी, दोन गुडघ्यांच्या मधोमध. आता ताकद पुढच्याच चाकांना, फिरता दांडा गेला, तरी बऱ्याच गाड्यांत उंचवटा आहेच. जमिनीला ताठपणा लागतो, खालून सायलेन्सरचा पाइप जातो. पोऱ्याने आर्मरेस्ट खाली ओढून दाखवला. माझ्या जागेवर दोन कप ठेवायची भोकं होती.

शेवटी आईने बसून जी पास केली ती घेतली. रंग तिलाच विचारून, पांढरा.

गणपतीत पुण्याहून साताऱ्याला निघालो. पुढे काका, मागे आई, ताई आणि मधे ताईची नात, मुलांच्या बूस्टर सीटवर. आर्मरेस्ट वर, दोन पाय दोन बाजूंना. वारज्याच्या पुढे आरशात बघतो तर मागच्या काचेत नुसत्या दोन वेण्या.

"चिऊ, खाली हो गं जरा. मागचा ट्रक दिसत नाहीये."

"आजोबा, तुमच्या गाडीला कॅमेरा आहे ना मागे?"

तो फक्त रिव्हर्स टाकल्यावर लागतो, हे तिला समजावेपर्यंत कात्रजचा बोगदा आला.