दातदुखीचं गवत

लहानपणी दाढ ठणकली की आजी परसातल्या अक्कलकाऱ्याचं पिवळं बोंड चावायला द्यायची. जिभेला मुंग्या यायच्या, मग हिरडी बधिर. अमेरिकेत हेच काम करणारं एक गवत आहे आणि लोक त्याला ‘टूथएक ग्रास’च म्हणतात, हे कळल्यापासून ते बघायचं मनात होतं. जुलैमध्ये योग आला.

नॉर्थ कॅरोलायनातला ग्रीन स्वॅम्प विल्मिंग्टनहून तासाभरावर आहे. ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ने राखलेलं हे रान १७ हजार एकरांहून मोठं. २११ क्रमांकाच्या रस्त्यालगत गाडी लावून निघालो. मध्ये झुडपांची दाट जाळी लागली. दमट काळोख, घामाच्या धारा. आणि ती संपताच लख्ख उजेड! लाँगलीफ पाइनची उंच, विरळ झाडं आणि त्यांच्याखाली लांबवर नुसतं गवत.

ते लगेच ओळखू आलं. ओल्या काळपट वाळूत ठोंब, त्यातून कमरेच्या वर गेलेला दांडा आणि टोकाला एकाच अंगाला दाणे धरलेला तुरा. अगदी कंगवा! शास्त्रीय नाव टेनियम अरोमॅटिकम. टेनियम म्हणजे ग्रीकमध्ये छोटा कंगवाच. कोवळा तुरा सरळ असतो, मग भुवईसारखा वाकतो, सुकला की पीळ घेतो. तुटून पडलेली एक पात बोटांत चुरली, तर लिंबासारखा वास. बधिर करणारा गुण बुडख्यात आणि मुळांत असतो, पण राखीव रानात उपटायचं कसं? ती चव राहिली ती राहिलीच.

पाइनची खोडं खालून काळी पडलेली. इथे ठरवून आग लावतात. सह्याद्रीतल्या वणव्यांनी पोळलेल्या माझ्या मनाला हे पटायला वेळ लागला. पण आग थांबली की मघाची जाळी पुढे सरकते आणि गवताचा उजेड खाऊन टाकते. पूर्वी विजा पडून रान पेटायचं. उन्हाळ्यात जळलेलं हे गवत मुळाशी जीव धरून असतं आणि मग भरभरून फुलतं.

ठोंबांच्या आडोशाला व्हीनस फ्लायट्रॅप सापडला, शेजारी दवबिंदू. दोन्ही किडे खाणाऱ्या वनस्पती. कासच्या सड्यावरही दवबिंदू पाहिलेत. तिथेही माती अशीच निकस, म्हणून किड्यांवर गुजराण.

लाँगलीफची अशी रानं एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर होती. आज त्यांतला अगदी थोडा हिस्सा उरलाय.

परतताना एका ठोंबावर पाय पडणार होता. वाकून पाहिलं, तर ते गवत नव्हतंच. लाँगलीफचं रोप होतं! कोवळा कोंब लांब सुयांच्या झुबक्यात दडवून ते काही वर्षं असंच जमिनीलगत बसून राहतं. आग वरून निघून जाते, कोंब वाचतो. मी पाय उचलून बाजूने गेलो.