समासातली पेन्सिल

पुणे, १९ ऑगस्ट, रात्री साडेअकरा

आजोबांच्या कपाटातून आणलेल्या प्रवासवर्णनाच्या पान १३१ वर आज मला 'दिवसभर' या शब्दाऐवजी 'दिवभसर' छापलेले दिसले आणि त्यांना हाक मारण्यासाठी मी तोंड उघडलेसुद्धा. समोरच्या खाटेवर रूममेट झोपली होती. मी तोंड मिटले आणि बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत बसले.

या पुस्तकाची पहिली आठ पाने गळून गेली आहेत, त्यामुळे लेखक कोण आणि ते कोणत्या साली निघाले हे सांगायला आतला मजकूर तेवढा उरला आहे. आजोबांनी ते रद्दीतून उचलून आणले होते. पान ११२ पर्यंत प्रत्येक मुद्रणदोषासमोर समासात त्यांची बारीक पेन्सिलची खूण आहे. अक्षर गळले असेल तिथे काकपद, म्हणजे ते घालायची जागा दाखवणारी उलट्या व्हीसारखी खूण, जास्तीचे असेल तिथे खोडण्याची खूण. पान ११३ पासून समास कोरे आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते तिथवर आले होते.

आजोबा १९५९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, वाईच्या एका लहान छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर तयार करणारे कामगार, म्हणून लागले. खिळे म्हणजे अक्षरांचे शिशाचे ठसे. ते उलटे असतात आणि त्यांची ओळ उलटीच वाचायची असते, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाच्या हातातला कागद त्यांना आपल्यापेक्षा लवकर वाचता येई. सहावीचे प्रगतिपुस्तक मी आईला दाखवण्याआधीच टेबलाच्या पलीकडून ते म्हणाले होते, "भूगोलात एकेचाळीस? कृष्णाकाठी राहून?" वाईतल्या छापखान्यात काम करतो म्हटले की लोक त्यांना हमखास वाईतच तयार होणाऱ्या मराठी विश्वकोशाबद्दल विचारत. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, पण आजोबांचा त्याच्याशी संबंध केवळ वाचकाचा. त्यांच्या हातून छापले गेले ते लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल आणि पावतीपुस्तके. हे सांगताना त्यांना कमीपणा वाटत नसे. पावतीपुस्तकात चूक झाली तर माणसे भांडायला येतात, असे ते म्हणत.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९६२ साली, मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'नांव', 'कांहीं', 'पांच' यांवरची टिंबे रातोरात चुकीची ठरली. डोक्याला नियम लगेच कळला, हाताला मात्र तो कळायला वर्ष लागले, असे ते सांगत. 'नाव' जुळवताना बोटे आपोआप अनुस्वाराच्या खणाकडे जात आणि रिकामी परत येत. हे वाक्य मी पूर्वी शंभर वेळा ऐकले असेल. आता सुट्टीत घरी गेल्यावर माझी नजर त्यांच्या खुर्चीकडे जाते, तेव्हा मला ती बोटे आठवतात.

चुका शोधण्याचा खेळ त्यांनी आम्हा दोघींना लावला. दुसरी म्हणजे आमच्याच वाड्यात मागच्या खोल्यांत राहणारी माझी मैत्रीण. मी उंच आणि सरळसोट म्हणून आजोबांनी माझे नाव 'काना' ठेवले होते आणि तिच्या वेणीला खाली कायम वळण असे म्हणून ती 'वेलांटी'. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते आम्हाला एकेक पुस्तक देत आणि सापडलेल्या प्रत्येक चुकीमागे खडीसाखरेचा एक खडा देत. एकदा एका जुन्या कादंबरीत आम्ही दोघींनी मिळून तीनशेच्या वर चुका काढल्या आणि बरणीच मागितली. आजोबांनी वही पाहिली. ते सगळे अनुस्वार होते. "या चुका नव्हेत," ते म्हणाले, "हे पुस्तक छापलं तेव्हा हे बरोबर होतं." वेलांटीने विचारले, मग आता ते चूक कसे झाले? त्यावर त्यांनी नियमांचा सगळा इतिहास सांगितला आणि शेवटी, तिने प्रश्न बरा विचारला म्हणून, तिला एकटीलाच दोन खडे दिले. मला त्याचा राग बरेच दिवस होता. आजही थोडा आहे.

पेन्सिल न लागलेले एकच पुस्तक त्यांच्याकडे होते, ते म्हणजे ज्ञानेश्वरी. पाठभेद शिरून, म्हणजे नकला होता होता शब्द बदलत जाऊन, बिघडलेली ज्ञानेश्वरीची संहिता एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रतिशुद्ध केली, हे सांगताना आजोबा नाथांना आमच्या धंद्यातला मूळपुरुष म्हणत. नाथांनी तपासलेल्या मजकुरावर आपण कसली पेन्सिल धरायची, हा त्यांचा युक्तिवाद. आपली प्रत एका साध्या छापखान्यात छापलेली आहे आणि तिच्यात चांगल्या ढळढळीत चुका आहेत, हे त्यांना नक्कीच दिसत असणार.

दहावीनंतर मी पुण्याला आले आणि वेलांटी वाईतच राहिली. तिच्या वडिलांचे दुकान बंद पडले होते. तिने बारावी करता करता कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात डीटीपीचे काम धरले. आमचे भांडण झाले नाही. झाले असते तर मिटवता तरी आले असते. आधी रोज, मग आठवड्याने, मग वाढदिवसाला, असे करत आमचे बोलणे दोन फुलांच्या आणि एका केकच्या चित्रापर्यंत येऊन थांबले. सुट्टीत मी वाईला जाई तेव्हा कोर्टाचा रस्ता टाळत असे. ती दुकानात उभी राहून लोकांचे दस्त टाइप करते आणि मी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, याची लाज मला वाटत होती, की तिला वाटेल असे मला वाटत होते, हे मी अजून नीट तपासलेले नाही.

आजोबा १४ जूनला पहाटे गेले. मी स्वारगेटहून पहिली एसटी पकडली, पण खंबाटकीच्या अलीकडे रस्ता तुंबला होता आणि मी पोहोचले तेव्हा सगळे माझ्यासाठीच थांबले होते. दुसऱ्या दिवशी आळीतल्या मुलांनी चौकात त्यांचा फ्लेक्स लावला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'भावपुर्ण श्रध्दांजली'. दोन शब्दांत दोन चुका. ज्या माणसाने साठ वर्षे दुसऱ्यांचे उकार आणि जोडाक्षरे सांभाळली, त्याच्या फोटोखाली हे. मला आधी हसू आले आणि मग रडू, आणि मग त्या मुलांना काही बोलणे बरे दिसणार नाही म्हणून मी चौकातून जाणेच बंद केले.

चौथ्या दिवशी दूध आणायला जाताना मी मान वर केली, तर 'पू' दीर्घ झालेला होता आणि 'द्ध' नीट जोडलेला होता. फोटो तोच, चौकट तीच, फ्लेक्स मात्र नवा. मुलांना विचारले तर त्यांना फरकच दिसला नाही.

दहाव्याला घाटावर वेलांटी आली होती. तिची वेणी गेली आहे, केस खांद्यापर्यंत कापलेले आहेत. पिंडाला कावळा लगेच शिवला आणि आजोबांची कोणतीच इच्छा मागे राहिली नव्हती, असे सगळे समाधानाने म्हणू लागले. ती माझ्या शेजारी उभी राहून हळूच म्हणाली, "फ्लेक्स तसाच राहिला असता तर शिवला नसता." तेव्हा मला कळले. तिने मुलांकडून फाइल मागून घेऊन रात्री दुकानात ती दुरुस्त केली होती, पदरचे पैसे घालून फ्लेक्स छापून आणला होता आणि दुकानातल्या मुलाला शिडीवर चढवले होते. किती पैसे झाले हे तिने सांगितले नाही. मी तिला, एवढ्या वर्षांत फोन का केला नाहीस, असे विचारणार होते, पण तो प्रश्न तिने मला विचारायला हवा होता, म्हणून गप्प राहिले.

त्यानंतरही आम्ही फारसे बोललो नाही. आज मात्र पान १३१ चा फोटो काढून, खाली एक अक्षरही न लिहिता, मी तिला पाठवला. रात्र झाली होती, तरी दोन मिनिटांत उत्तर आले. "खिळ्यांची अदलाबदल. खडीसाखरेचा एक खडा तुझ्या नावावर जमा. पण पान ११८, सातवी ओळ बघितलीस का?" मी गोंधळले. तिला ११८ काय माहीत? तिने लिहिले की, मे महिन्यात आजोबा हे पुस्तक घेऊन दुकानात आले होते, गळलेली पाने कुठे मिळतील हे विचारायला. ते बाकावर बसून पाणी पीत होते, तेवढ्यात तिने ते चाळले होते.

मी पान ११८ उघडले. सातव्या ओळीत 'डोंगर' मधले टिंब गळले होते. मी तिथून दोनदा गेले होते आणि मला ते दिसले नव्हते.

मग मी पेन्सिलला टोक केले आणि समासात काकपद काढले. ते आजोबांच्या खुणांपेक्षा फार मोठे झाले. खोडून पुन्हा लहान काढले, आणि आता १३१.