फँटसी हॉकीचं स्कोअरिंग ठरवताना गोलकीपरच्या मायनसनं डोकं उठवलं (माझा अनुभव)

आधीच सांगतो, ही बर्फावरची हॉकी, अमेरिका-कॅनडातली एनएचएल लीग. फँटसी म्हणजे तिथल्या खऱ्या खेळाडूंची आपण आपली टीम करायची आणि खऱ्या मॅचमधल्या त्यांच्या खेळावर आपल्याला पॉइंट. कोल्हापुरात हॉकी म्हटलं की ध्यानचंद स्टेडियमचा टर्फ आठवतो, आणि खरं बघायला गेलं तर आपल्या पोरांचा जीव फुटबॉलमध्येच. पण आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपमधले काही जण कॅनडात जाऊन बसलेत, त्यांनी हा नाद लावला आणि 2025-26 च्या सीझनला लीगचा कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, मला केलं, कारण काय तर मला एक्सेल येतं. पैशाचा विषयच नव्हता, 2025 च्या कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन गेम बंदच झालेत, आमचं आपलं शेवटच्या नंबरनं सगळ्यांना तांबडा-पांढरा द्यायचा एवढंच.

लीग उघडणं, दहा टीम भरणं, ड्राफ्टची (खेळाडू वाटून घ्यायची) वेळ, सगळं पटापट झालं. गाडी अडली ती स्कोअरिंगला. मोटामोटी तीन प्रकार असतात. रोटो म्हणजे सीझनभराचे गोल, असिस्ट, शॉट वगैरे प्रत्येक कॅटेगरीत नंबर लावायचे, दहा टीम असल्या तर पहिल्याला 10, शेवटच्याला 1, आणि शेवटी बेरीज. फेअर आहे, पण डिसेंबरपर्यंत जो मागं पडला तो ऍप उघडायचंच सोडतो, आणि आठवड्याला समोर कुणी नसल्यामुळं चिडवायला पण कुणी नाही, मग लीग कशाला काढली. दुसरा हेड टू हेड कॅटेगरी, दर आठवड्याला एकाशी लढत आणि प्रत्येक कॅटेगरी वेगळी जिंकायची. कॅनडावाल्यांना हाच पाहिजे होता. आमच्यातला एक मात्र सारखा विचारत होता, "भावा, म्हणजे मी जिंकतोय का हरतोय ते एका आकड्यात सांग की." त्याच्यासाठी तिसरा, हेड टू हेड पॉइंट्स. प्रत्येक गोष्टीला ठरलेले पॉइंट, बेरीज ज्याची जास्त तो जिंकला. नवीन लोक जास्त असतील तर हाच घ्या, फार विचार करू नका.

कॅटेगरी घेणार असाल तर एक करा, प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना आपल्या टीमनं गोल केला की प्लस, खाल्ला की मायनस) काढून टाका. खेळाडू बर्फावर नुसता उभा असला आणि कीपरनं साधा गोल खाल्ला तरी याला मायनस, काय अर्थ आहे. आणि कीपरचे आठवड्याला किमान तीन सामने कंपल्सरी ठेवा, नाहीतर एखादा सोमवारी एक शटआउट (एकही गोल न खाल्लेली मॅच) घेऊन आठवडाभर कीपर बेंचवर बसवतो आणि सरासरीच्या दोन्ही कॅटेगरी (मॅचमागं खाल्लेले गोल आणि अडवायचं प्रमाण) खिशात घालतो.

तर पॉइंट्स ठरलं आणि मी निवांत झालो, तर खरा त्रास तिथूनच सुरू झाला. ऍपनं आकडे आधीच भरून दिले होते. गोल 2, असिस्ट 1, शॉट 0.1, हिट (समोरच्याला दिलेली धडक) 0.1, ब्लॉक (खेळाडूनं मधेच अडवलेला शॉट) 0.5. कीपरला विजयाचे 4, प्रत्येक सेव्हला (अडवलेल्या शॉटला) 0.2, शटआउटला 3 आणि खाल्लेल्या प्रत्येक गोलला मायनस 2. दिसायला बरं दिसतंय. मी एक्सेलमध्ये टाकून बघितलं. कीपरवर 30 शॉट आले, 27 अडवले, 3 खाल्ले. म्हणजे दहातले नऊ अडवले, एनएचएलचा सरासरी कीपर आजकाल .900 च्या आसपासच असतो, म्हणजे हा काय वाईट खेळला नाही. आता हिशोब करा, 27 गुणिले 0.2 म्हणजे 5.4, त्यातून 6 गेले, हातात मायनस 0.6. टीम जिंकली तर ते 4 पॉइंट मिळून निभावलं, हरली तर चांगलं खेळूनही मायनस. एक गोल भरून काढायला दहा सेव्ह लागतात, म्हणजे अकरातले दहा अडवले तर कुठं शून्यावर येतो. मग शहाणा माणूस काय करणार, कीपर बेंचवर बसवणार.

हे मी ग्रुपवर टाकलं. बघितलं सगळ्यांनी, बोललं कुणी नाही. टोरांटोवाला शेवटी म्हणाला, "अरे डिफॉल्ट ठेव की, एवढे लोक त्याच्यावरच खेळतात." मी म्हटलं खेळत असतील, आपण का खेळायचं. तर म्हणे हेलेबकला बघ, प्लसमध्येच आहे. अरे मर्दा, विनिपेगच्या त्या हेलेबकनं 2024-25 ला 47 सामने जिंकले, .925 नं सेव्ह केले, हार्ट (सगळ्यात मोलाचा खेळाडू) आणि व्हेझिना (सगळ्यात भारी कीपर) दोन्ही ट्रॉफ्या नेल्या, तो प्लसमध्ये नसेल तर कोण असणार! पण आपल्याला दहा टीमना दोन-दोन धरले तर वीस कीपर लागतात, आणि हेलेबक एकच आहे.

मग एकानं सुचवलं की सेव्हला 0.3 करा. तेही करून बघितलं. मायनस 2 तसाच ठेवून 40 शॉटमधले 36 अडवले तर 2.8 येतात आणि 20 मधले 18 अडवले तर 1.4, अडवायचं प्रमाण दोघांचं तेच, पण ज्याची डिफेन्स फाटकी त्याच्या कीपरला दुप्पट. म्हणजे भिकार टीमचा कीपर घेण्यात शहाणपण. त्यावर परत वाद, तो वेगळाच. शेवटी मीच ठरवलं, सेव्ह 0.2 तसाच, खाल्लेला गोल मायनस 1.5, विजय 4 वरून 3, कारण जिंकते टीम, एकट्या कीपरला दोन गोलांएवढे पॉइंट कशाला. आता तोच 27 सेव्हवाला प्लस 0.9 वर येतो, आणि 30 मध्ये 5 खाल्ले तर मायनस 2.5, म्हणजे बेकार रात्र बेकारच राहते. सगळं बरोबर बसलं.

बसलं, पण फॉर्ममध्ये भरायचं होतं ना. तो सेटिंगचा फॉर्म ज्यानं बनवला त्याला एकदा खासबागेत, कुस्तीच्या मैदानात, उतरवला पाहिजे. वर फॉरमॅटचा पर्याय नुसता बदलून बघितला की खालचे सगळे आकडे पुसून परत डिफॉल्ट. कॅनडावाल्यांनी "कॅटेगरीत कसं दिसतं बघू जरा" म्हणावं, मी बदलून दाखवावं, आणि परत पहिल्यापासून भरत बसावं. वरून मायनसचं चिन्ह आपण टाकायचं का ते आपोआप लागतं हेही कुठं लिहिलेलं नाही. नुसतं 1.5 टाकलं तर गोल खाल्ल्यावर प्लस मिळतील! मी प्रत्येक वेळी खाली जाऊन बघत होतो चिन्ह राहिलंय का. फोनवर भरू नका, कॉम्प्युटरवर भरा आणि स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर पिन करा, म्हणजे जानेवारीत कुणी "असं ठरलंच नव्हतं" म्हणणार नाही. ड्राफ्ट झाल्यावर तर आकड्याला हात लावू देऊ नका, कितीही रडले तरी.

हां, हिटचं राहिलं. तालमीतला एक मित्र हट्टाला पेटला होता की हिटला 0.5 द्या, धडकेला किंमत पाहिजे. मी त्याला एकच गणित दाखवलं. व्हँकुव्हरच्या शेरवूडनं 2024-25 ला 462 हिट मारले, एनएचएलचा रेकॉर्ड. 0.5 नं नुसत्या हिटचे 231 झाले. त्याच वर्षी गोल-असिस्ट मिळून सगळ्यात पुढं असलेला कुचेरोव्ह, 37 गोल आणि 84 असिस्ट, त्या दोन्हींचे आमच्या हिशोबानं 158. गडी गप्प बसला. हिट 0.1 च राहिला.

कोल्हापुरात बसून खेळणाऱ्यांनी वेळेचं बघा. तिकडं अमेरिका-कॅनडाच्या पूर्वेला संध्याकाळी सातची मॅच म्हणजे ऑक्टोबरात आपल्याकडं पहाटे साडेचार, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागं गेली की साडेपाच. मॅच सुरू झाली की खेळाडू लॉक, त्यामुळं रविवारी रात्रीच आठवडाभराची टीम लावून ठेवा. कीपरचं मात्र रोजचं रोज बघायला लागतं, पण ते सोयीचं आहे, त्यांचा सकाळचा सराव आपल्याकडं रात्री आठ-नऊला होतो, सरावातून जो कीपर आधी बर्फावरून उतरतो तोच बहुतेक त्या रात्री खेळतो. जेवून उठला की बघून घ्यायचं. सलग दोन दिवस मॅच असतील तर दोन्हीला एकच कीपर सहसा खेळवत नाहीत, तिथं फसू नका.

आणि लीगची फायनल एनएचएलच्या शेवटच्या आठवड्यात ठेवू नका, त्यांच्या प्लेऑफमध्ये पोचलेल्या टीम तेव्हा मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात. 2026 च्या फेब्रुवारीत ऑलिंपिकची सुट्टी होती, अशी सुट्टी आली की तिच्या अलीकडचा-पलीकडचा आठवडा एकत्र करून एकच लढत धरा, हे ऍपमध्ये नसलं तर कमिशनरनं हातानं बदलायचं. मी केलंय, परत त्याच फॉर्ममध्ये जाऊन.