लेर नेमकं कुठे आहे? दक्षिण सुदानच्या मदत-नकाशातले घोटाळे

फेब्रुवारी २०१७ मध्ये दक्षिण सुदानच्या लेर आणि मायेंदित या काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांत, दुष्काळ जाहीर झाला. तो मुख्यतः लढाईने ओढवलेला होता. रस्ते बंद असले की ज्वारीची पोती इल्युशिन-७६ विमानातून खाली सोडतात. माणशी दिवसाला ५०० ग्रॅम धरली, तर दहा हजार माणसांना महिन्याला १५० टन ज्वारी लागते. एका फेरीत सुमारे ३० टन जातात, म्हणजे पाच फेऱ्या. एकच गाव मदतीच्या यादीत दोन नावांनी आलं, तर त्याच माणसांसाठी दहा फेऱ्या ठरतात आणि त्यातल्या पाच दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याच्या असतात.

आणि गाव दोनदा येतंच. लेर रोमन लिपीत कुणी एका 'ई'ने लिहितं, कुणी दोन. फांगाक नावाची तर गावंच दोन, जुनं वेगळं, नवं वेगळं. म्हणून याद्या जोडताना नाव कधीही वापरू नये. पी-कोड, म्हणजे प्रत्येक ठिकाणाला दिलेला ठरावीक कोड, वापरावा: देशाची दोन अक्षरं, राज्याचे दोन अंक, काउंटीचे दोन. पुढे काउंटीचे भाग, म्हणजे पायाम, आणि सगळ्यात लहान बोमा. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये गावाचं नाव टाइप करायची सोयच ठेवू नका. राज्य निवडलं की त्यातल्याच काउंटी दिसाव्यात, काउंटी निवडली की त्यातलेच पायाम. यादीत नसलेल्या गावासाठी 'इतर' ठेवा, पण तिथे जीपीएस बिंदू सक्तीचा करा.

कोडही बिनघोर नाहीत. राज्यं १० होती, २०१५ मध्ये २८ झाली, २०१७ मध्ये ३२, आणि २०२० मध्ये पुन्हा १० व सोबत ३ प्रशासकीय क्षेत्रं. प्रत्येक नोंदीत 'कोणत्या वर्षाच्या सीमा' हा रकाना नसेल, तर जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करू नये.

बिंदूंच्या चुका ठरावीक असतात. अक्षांश-रेखांश उलटे पडले की लेर थेट अल्जीरियाच्या वाळवंटात जातं. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. ८ अंश ३० मिनिटं हे '८.३०' असं भरलं, तर गाव सुमारे २२ किलोमीटर सरकतं, तरी त्याच मुलखात राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मिनिटांना साठने भागून ८.५ लिहायला हवं. जुने छापील नकाशे आदिंदान प्रणालीतले, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा त्यांचा पाया जीपीएसपेक्षा वेगळा. त्यांवरून उचललेला बिंदू शे-दीडशे मीटर हटतो. गावापुरतं ते चालतं, हातपंपासाठी नाही.

उपग्रहचित्रावरून छपरं मोजून लोकसंख्या काढायचा मोह टाळणं सगळ्यात अवघड. प्रत्येक गोल छप्पर म्हणजे तुकुल, म्हणजे माणसं राहतात ती झोपडी, नसतं. मोठा गोल बहुधा लुआक, म्हणजे गुरांचा गोठा. एका कुटुंबात दोन बायका असतील तर प्रत्येकीचं तुकुल निराळं. कोरड्या ऋतूत माणसं गुरं घेऊन पाणथळ कुरणांकडे उतरतात, घरं रिकामी दिसतात. त्याचा अर्थ गाव उठलं असा नाही. जळिताचंही तसंच. दरवर्षी गवताचे वणवे जमीन काळी करतात. छप्पर गेलेलं आणि मातीच्या भिंतीचं कडं उरलेलं, असं दिसलं तरच जाळपोळीची शंका धरावी, तीही आधीच्या महिन्याचं चित्र शेजारी ठेवून. छपरांचा आकडा फक्त पथक आधी कुठे पाठवायचं ते ठरवायला वापरावा. शिधा ठरतो तो माणसं समोर मोजून.

वाटपाची जागा निवडताना नकाशावर पाच किलोमीटरचं वर्तुळ काढतात. नाईलकाठच्या सुद दलदलीत त्या वर्तुळाला अर्थ नाही. मधे पाण्याचा एक फाटा आला की म्हातारी माणसं आणि बाळंतिणी पोचतच नाहीत. पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा असे दोन वाटांचे थर ठेवा, आणि पाणी कुठून ओलांडतात हे तिथल्या बायकांना विचारून भरा.

दलदलीत लपलेल्या कुटुंबांचे नेमके बिंदू मात्र सामायिक फाइलमध्ये जाऊ देऊ नका. बाहेर द्यायचे आकडे पायामपर्यंतच, जमातीचा रकाना नको. शिधा पोचवायला काढलेला नकाशा हल्लेखोरालाही वाट दाखवतो.