चौकटीवरची खूण

काल रात्री लेकीला दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभे केले, डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीने खूण केली. ११८ सेंटिमीटर. आम्ही जाणार आहोत त्या सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओमध्ये ट्रान्सफॉर्मर्सच्या राइडला १०२ पुरतात, ममीच्या रोलर कोस्टरला मात्र १२२ लागतात, म्हणून ती हिरमुसली आणि आम्ही दोघे तिची समजूत काढत बसलो.

तेवढ्यात उद्याची मेथी निवडत बसलेली आई, मान वर न करता, म्हणाली, "मला आपली सावलीत एक खुर्ची बघून द्या, मी तुमच्या पिशव्या सांभाळीन."

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर ती आजवर फक्त इतरांना निरोप द्यायलाच गेली आहे, आणि तिच्या आयुष्यातला पहिला परदेश प्रवास आखताना, बेंगळुरूपर्यंतचे विमान, व्हिसा, तिकिटे या सगळ्याचा हिशेब करूनही, तिचे गुडघे दिवसभराच्या चालण्याला किती साथ देतील हे आम्ही तिला एकदाही विचारले नव्हते, याची मला फार खंत वाटली.

युनिव्हर्सल स्टुडिओ ज्या बेटावर आहे त्या सेंतोसाला आईवडिलांना घेऊन गेलेले कोणी इथे आहे का? तिथल्या दमट उकाड्यात त्यांचा दिवस तुम्ही कसा आखला होता?